पारव्यांच्या शेजारात होमरची पिल्लं तयार करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी ढाबळ, म्हणजे होमरचं (लांब नेऊन सोडलं तरी घरी परत येणाऱ्या कबुतरांचं) घर, नाशिकला पंचवटीत, जुन्या घराच्या गच्चीवर. गोदाघाट चालत पाच मिनिटांवर, तिथं सकाळपासून कोणी ना कोणी ज्वारी टाकतंच, त्यामुळे पारव्यांना आपल्या भागात काही कमी नाही. नवीन पोरं कबुतरं घेतात, महिन्याभरात अर्धी पिल्लं पारव्यांत जातात आणि मग मेसेज येतो, "दादा काय चुकलं". तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. क्रम सोप्यापासून अवघडाकडं आहे, पण घाई असेल तर ४ आणि ५ आधी वाचा.

१. होमर आणि पारवा दिसायला सारखेच, मग नेमका फरक काय?

जात एकच, शास्त्रीय नाव पण दोघांचं कोलंबा लिव्हिया. जे लांबून लवकर घरी आलं त्याचीच जोडी लावायची, असं पिढ्यान् पिढ्या करत माणसाने होमर बनवला, आणि शहरातले पारवे म्हणजे कड्याकपारीतली रानकबुतरं आणि त्यांच्यात पळून जाऊन मिसळलेली पाळीव कबुतरं यांची मिळून झालेली वस्ती. हातात घेतलं की लगेच कळतं. होमरची छाती भरलेली, पिसं आवळून बसलेली, चोचीच्या बुडाशी पांढरा फोड जाड, वजन ४००-४५० ग्रॅमच्या आसपास, पारवा हाताला हलका लागतो. पण वर उडताना दोन काळ्या पट्ट्यांचा राखाडी होमर आणि पारवा मलाही वेगळा काढता येत नाही. म्हणून हल्ली मी चितकबरी, लालसर नाहीतर पांढरी पिल्लंच जास्त ठेवतो, थव्यात निदान नजरेला पडतात.

२. पिल्लू किती दिवसांचं झालं की काम सुरू करायचं?

अंडं साधारण १७-१८ दिवसांत फुटतं. बंद रिंग (पायातली नंबरवाली, न उघडणारी कडी) घालायची असेल तर सहाव्या ते आठव्या दिवशी, उशीर केला तर पाय जाड होतो आणि मग बसत नाही. पुढची तीन बोटं एकत्र धरून रिंग सरकवायची, मागचं बोट पायाला चिकटवून ठेवायचं आणि रिंग वर गेली की काडीपेटीच्या काडीने ते बोट हळूच सोडवायचं, पहिल्यांदा हात थरथरतो पण जमतं. २६-२८ दिवसांचं झालं, पंखाखाली पिसं भरली आणि स्वतः दाणे टिपायला लागलं की आईबापापासून वेगळं करा. तिथून आपलं काम सुरू. दोन महिन्यांचं तयार पिल्लू घेऊन "आता याला बाहेर सोडतो" असं म्हणू नका, तोवर पंखात जोर आलेला असतो आणि घर माहीत नसतं, म्हणजे पारव्यांना आयताच पाहुणा.

३. पहिल्यांदा बाहेर काढायचं कसं?

सोडायचं नाही, दाखवायचं. ट्रॅपच्या (ढाबळीचं असं दार, ज्यातून आत येता येतं पण बाहेर जाता येत नाही) तोंडाला बाहेरून जाळीचा पिंजरा लावा, पिल्लं त्यात येऊन बसतील, आजूबाजूची गच्ची, पाण्याची टाकी, समोरचं पिंपळाचं झाड, वरचं आभाळ सगळं बघतील. असे ७-८ दिवस रोज तास दीड तास. परत आत यायचं ते ट्रॅपमधूनच, आणि आत आलं की दाणे. डब्यात मूठभर मका टाकून तो खुळखुळवा नाहीतर शिट्टी मारा, पण आवाज एकच ठेवा आणि दाणे टाकायच्या आधी रोज करा. घरात लहान पोरं असतील तर त्यांना सांगून ठेवा, नाहीतर ती दिवसभर डबा वाजवतात आणि आवाजाची किंमतच जाते.

मग एक दिवस, पोट रिकामं असताना, संध्याकाळी अंधार पडायच्या साधारण तासभर आधी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा आणि लांब उभे राहा. हाताने उडवू नका. पिल्लू आधी मान वाकडी करून वर बघतं, दोन पावलं टाकतं, ढाबळीच्या पत्र्यावर उडी मारतं, तिथून घसरतं, परत चढतं. एवढं झालं की डबा वाजवा आणि आत घ्या. पहिल्या दिवशी उडालं नाही तर उत्तमच. ऊन उतरताना काढल्याचा फायदा असा की अंधाराआधी घरात घुसायची त्यांनाच ओढ असते आणि लांब जायला वेळ उरत नाही.

४. शेजारच्या बिल्डिंगवर शंभरेक पारवे बसतात, अशा ठिकाणी पिल्लं सोडायची की नाहीच?

सोडायची, पण पारव्यांचं टाईमटेबल पाठ करून. हे कोणी करत नाही. पिल्लं पिंजऱ्यात असताना तो आठवडा गच्चीवर बसून वहीत लिहा की पारवे किती वाजता उडतात, कुठं चरायला जातात, कधी परत येतात. माझ्याकडं सकाळी उजाडलं की सगळी गँग घाटाकडं जाते, साडेनऊ-दहाला टाक्यांवर आणि छज्ज्यांवर येऊन ऊन खात बसते, दुपारनंतर परत एक चक्कर आणि मग मुक्कामाला. तुमच्याकडं वेळा वेगळ्या असतील, दाणे टाकणारा माणूस कधी येतो त्यावर सगळं आहे. पारवे चरायला गेलेले असतात किंवा मुक्कामाला बसून गेलेले असतात, त्या वेळेत पिल्लं काढायची. ते थव्याने हवेत फिरत असताना दार उघडायचं नाही, मग तुमची शिट्टी काय आणि डबा काय.

दुसरी गोष्ट म्हणजे पिल्लू पारव्यांत जातं ते पारव्यांच्या प्रेमाने नाही. कबुतर एकटं उडायला घाबरतं, थवा दिसला की चिकटतं, आणि थव्यासोबत खाली उतरलं आणि तिथं फुकट ज्वारी मिळाली की दुसऱ्या दिवशी परत तिकडंच. पहिली चूक हवेत होते, ती तुम्हाला थांबवता येत नाही, पण दुसरी चूक पोटाची आहे, ती तुमच्या हातात आहे. ज्या पिल्लाने बाहेर एकही दाणा खाल्लेला नाही आणि ज्याला पक्कं माहिती आहे की खाणं फक्त ट्रॅपच्या आत असतं, ते पारव्यांसोबत दोन चकरा मारून भुकेने घरी येतं. माझी पहिली बॅच ११ पिल्लांची होती, कौतुकाने गच्चीवरच दाणे पसरायचो, पारवे आणि पिल्लं एका ताटात जेवायची आणि बघायला फार छान वाटायचं. आठ दिवसांत ४ गेली. तेव्हापासून गच्चीवर दाणा पडलेला दिसला तर मी तो वेचून उचलतो, घरचे हसतात.

५. पिल्लू पारव्यांसोबत उडून गेलं, आता काय करू?

आधी खाली बसा. दगड मारणं, फटाके लावणं, काठीला फडकं बांधून पळणं यातलं काहीच नको, थवा अजून लांब जातो आणि पिल्लाला तुमची गच्ची म्हणजे भीतीची जागा वाटायला लागते. डबा वाजवा आणि ढाबळीतली एक-दोन मुरलेली कबुतरं पत्र्यावर सोडा. यासाठी मी पांढऱ्या लक्क्यांची एक जोडी ठेवलीये, ती उडत वगैरे काही नाहीत, पत्र्यावर शेपूट पसरून फिरतात आणि लांबून दिसतात. पिल्लू ते बघून उतरतं. यांना ड्रॉपर म्हणतात, आणि पारव्यांच्या भागात ड्रॉपरशिवाय ढाबळ ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अंधार पडला आणि नाही आलं, तर ट्रॅप उघडा ठेवून झोपू नका, मांजर येईल. पहाटे उठून उघडा. बऱ्याचदा दुसऱ्या तिसऱ्या दिवशी भूक लागली की येतं. पारव्यांचा मुक्काम माहिती असेल तर रात्री टॉर्च घेऊन छज्ज्यावरून उचलूनही आणता येतं, अंधारात कबुतर सहसा उडत नाही, पण ती जागा ज्याची आहे त्याला विचारून जा, रात्री दुसऱ्याच्या गच्चीवर टॉर्च घेऊन सापडलात तर कबुतर शोधतोय हे कोणालाही खरं वाटत नाही. परत आलेल्याला लगेच बाकीच्यांत मिसळू नका, प्रश्न ८ बघा.

६. पारवे माझ्या ढाबळीतच घुसून खातात, त्यांना हाकलायचं कसं?

खाणं दिवसभर भरून ठेवलंय म्हणून येतात. दोन वेळेला मोजून द्या, १०-१५ मिनिटांत संपलं पाहिजे, उरलं तर भांडं उचला. पाणी पण आत. उन्हाळ्यात पारवे दाण्यापेक्षा पाण्यासाठी येतात, आणि रोग पाण्यातूनच जास्त पसरतो. ट्रॅपचे गज आतल्या बाजूलाच उघडतात, म्हणजे पारवा आत आला तर आपोआप अडकतो, त्याला पकडून बाहेर सोडा, दोन-तीनदा पकडला गेला की शहाणा होतो. जाळी बारीक लावा म्हणजे चिमण्याही येणार नाहीत. विष, चिकट गोंद असलं काही करू नका, ते पाप तर आहेच आणि पहिलं मरेल ते तुमचंच कबुतर.

७. खाणं किती द्यायचं? उपाशी ठेवायचं म्हणतात ते खरं का?

उपाशी नाही, भुकेलं. उडणाऱ्या पिल्लाला दिवसाला साधारण ३० ग्रॅम धान्य पुरतं, थंडीत थोडं जास्त. मी बाजरी, मका, गहू, मूग, मटकी आणि थोडी करडई असं मिसळतो. सकाळी थोडंसं, संध्याकाळी उडून आल्यावर पोटभर. संध्याकाळच्या खाण्यात शेवटी दोन-चार जणं भांड्यापासून लांब होऊन पाणी प्यायला गेली की थांबायचं. छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागत असेल तर तुम्ही जास्त ताणताय. खडे-शिंपल्याचा चुरा, विटेचा चुरा आणि चिमूटभर मीठ वेगळ्या वाटीत असू द्या. पावसाळ्यात मका नाकाला लावून बघत जा, कुबट वास आला तर फेकून द्या, बुरशीच्या मक्याने अख्खी ढाबळ झोपते.

८. पारव्यांकडून कुठले रोग येतात?

चार नावं लक्षात ठेवा. पहिला कँकर, म्हणजे घशात पिवळट पनीरसारखा थर, पिल्लू गिळताना मान ताणतं. दुसरा पॅरामिक्सो, मान पिरगळते, दाणा टिपायला जातं आणि चोच बाजूलाच पडते, हिरवट पाण्यासारखी विष्ठा होते. तिसरा साल्मोनेला, सांधे सुजतात, पंख लोंबतो. चौथा हिमोप्रोटियस, मलेरियाचा चुलतभाऊ, तो कबुतरावरच्या चपट्या माशीने पसरतो. ती माशी एकदा बघाच, पिसांत खेकड्यासारखी तिरकी पळते आणि मारली तरी चेंगरत नाही.

औषधाचे डोस मी इथं लिहिणार नाही, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्षी आणि त्याची विष्ठा घेऊन जा. पॅरामिक्सोला लस आहे, पिल्लं बाहेर उडायला लागायच्या आधी डॉक्टरांशी बोलून टोचून घ्या, लक्षणं दिसल्यावर टोचून काही होत नाही. पारव्यांत राहून आलेलं पिल्लू किंवा बाजारातून आणलेलं कुठलंही कबुतर तीन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळं भांडं, आणि त्याचं सगळ्यात शेवटी करायचं, म्हणजे तुमच्या हातातून इकडचं तिकडं जाणार नाही.

९. टॉस (पिल्लं लांब नेऊन सोडणं) कधी आणि कुठून सुरू करू?

पिल्लं घराभोवती घोटाळणं सोडून थव्याने दिसेनाशी होऊन अर्ध्या पाऊण तासाने परत यायला लागली की समजायचं रस्ता शोधायला तयार झाली. वय साधारण अडीच-तीन महिने. ट्रॅपमध्ये पटकन शिरतात का हे आधी बघा, पत्र्यावर बसून राहणारं पिल्लू टॉसला नेऊ नका.

मी आग्रा रोडची लाईन धरतो. आधी दोन-तीन किलोमीटर, मग आडगाव, मग ओझर साधारण २०, पिंपळगाव बसवंत ३०, आणि जमलं तर चांदवड ६० च्या पुढं. प्रत्येक टप्पा दोन-तीनदा. एकदा ओझरहून चुकत माकत आली तर पुढं न जाता परत आडगाव. पश्चिमेला त्र्यंबक, इगतपुरीकडं पिल्लं नेत नाही, कडे आहेत, ढग उतरतात आणि त्या कड्यांवर शाहीन ससाणे राहतात. सकाळी धुकं उठल्यावर सोडा, पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी १०-१५ मिनिटं जमिनीवर ठेवून आजूबाजूचं बघू द्या. सरळ आली तर तासाला ६०-७० किलोमीटरने येतात, म्हणजे ओझरहून सोडून गाडीवर निघालात तर हायवेच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही अडकलेले आणि ती घरी.

१०. सोडायच्या ठिकाणीपण पारवे असतात, मग?

जागा बदला, दुसरं काही नाही. मार्केट यार्ड, पिठाची गिरणी, धान्याचं गोदाम, रेल्वेचा मालधक्का यापासून निदान किलोमीटरभर लांब मोकळ्या शिवारात सोडा. मनमाडला अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत, त्या बाजूला पिल्लं नेण्याआधी चारदा विचार करा. शेतात पेरणी चालू असेल तर तिथंही नको, बियाण्याला औषध चोळलेलं असतं, उतरून दोन दाणे टिपले तरी संपलं. घरी यायच्या बाजूचे पारवे टाळता येत नाहीत, तिथं ४ आणि ५ मधलंच कामाला येतं.

११. शिक्रा आणि ससाणा पारव्यांमुळे जास्त येतात का?

हो, जिथं ताट वाढलेलं तिथं पाहुणा येणारच. पण एक गंमत सांगतो, पारवे हेच तुमचे पहारेकरीसुद्धा आहेत. बसलेला सगळा थवा आवाज न करता एकदम उठला आणि आवळून फिरायला लागला की वर काहीतरी आलंय, त्या दिवशी दार उघडू नका. कावळ्यांची आरडाओरड वेगळी, ती मांजरासाठी पण असते. हिवाळ्यात त्रास जास्त, तेव्हा रोज एकाच ठरलेल्या वेळी उडवू नका. शिकारी पक्ष्यांना गलोल मारणं वगैरे कायद्याने गुन्हा आहे, आणि मी अशा माणसाला कबुतर देत नाही.

१२. संक्रांतीच्या वेळी उडवायचं का?

नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत माझी पिल्लं आतच असतात. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची देशभर बंदी आहे, तरी दरवर्षी तारांवर आणि झाडांवर लोंबतोच, पतंगाचा मोसम संपल्यावरसुद्धा. एका मादीचा पंख सांध्याशी कापला गेला होता, ती जगली पण आता फक्त अंडी उबवते. बाहेर काढायच्या आधी आपल्या आणि शेजारच्या गच्चीवरचा, टाकीवरचा मांजा स्वतः गोळा करा.

१३. माझ्या होमरने पारव्याशीच जोडी लावली, आता?

पाच-सहा महिन्यांची झाली की वयात येतात आणि मग हे होतं, विशेषतः ढाबळीत नर जास्त आणि माद्या कमी असतील तर. बाहेर जोडी जमली की तुमचं कबुतर दिवसभर कुठल्यातरी छज्ज्यावर. त्याला १५-२० दिवस आत बंद ठेवा आणि जोडीदार द्या, बहुतेक वेळा विसरतं. नसेल द्यायचं तर नर-मादी वेगळ्या खणात ठेवा. पारव्याची मादीच आत येऊन अंडी घालून बसली असेल तर अंड्यात जीव धरायच्या आधी लाकडी अंडी ठेवून खरी काढून घेतो मी, मिसळलेली पिल्लं घरी येतात पण लांब पल्ल्याला भरवसा नाही.

१४. पारव्याचंच पिल्लू पाळून ट्रेन केलं तर?

मोठा पारवा पकडून नाही जमणार, त्याला त्याचं घर आहे आणि तो तिकडंच जाणार. पण घरट्यातून पडलेलं पिल्लू हाताने वाढवलं तर ते तुमच्या गच्चीला घर मानतं आणि पाच-दहा किलोमीटरवरून आरामात येतं. माझ्याकडं असा एक होता, त्र्यंबक नाक्यापाशी सापडलेला, ओझरहून दोनदा आला, एकदा तर होमरच्या आधी. रेसला नका लावू, पण शिकायला वाईट नाही. घरात आणायच्या आधी प्रश्न ८ मधले तीन आठवडे.

१५. विकत आणलेला मोठा होमर घरी सेट होईल का? आणि तो दोन्हीकडं ये-जा करेल का?

मोठा झालेला पक्षी जुन्या मालकाकडंच जातो, त्यासाठी तर तो प्रसिद्ध आहे. त्याला आत ठेवून पिल्लं काढा, पिल्लं तुमची. दोन्हीकडं ये-जा हे सिनेमात दिसतं तसं नसतं, पक्षी एकाच घराकडं येतो. पण ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून कबुतरं ठेवली होती, त्यांच्यात जाऊन परत येणारी बूमरँग सेवासुद्धा होती, त्यात खाणं एका ठिकाणी आणि मुक्काम दुसऱ्या ठिकाणी अशी सवय लावतात. म्हणजे तिथंही शेवटी पोटच. घरी हे करत बसू नका, आपल्याकडं खाणं दुसऱ्या ठिकाणी म्हणजे घाटावर, हे पारव्यांनी आधीच करून ठेवलंय.

१६. मोबाईल टॉवरमुळे भटकतात का?

हरवलेलं प्रत्येक पिल्लू टॉवरच्या नावावर टाकायची पद्धत आहे. कबुतर सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व, वास आणि ओळखीच्या खुणा असं सगळं मिळून वापरतं, ओळखीच्या भागात तर चक्क हायवेच्या वरून उडतं आणि चौकात वळतं. माझी जी हरवली त्यातली बहुतेक ढगाळ सकाळी मी घाई केली म्हणून नाहीतर आजारी पिल्लू नेलं म्हणून. जून ते सप्टेंबर टॉस बंदच ठेवा, त्याच दिवसांत पिसंही गळत असतात.

१७. शेजारी म्हणतात कबुतरांनी दमा होतो, ढाबळ काढा.

ते पूर्ण खोटं बोलत नाहीत. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसाला सूज येते, हे कबुतरवाल्यांनाच आधी होतं. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद केल्यापासून तर लोक जास्तच सावध झालेत, आणि त्यांना तुमचा होमर आणि पारवा सारखेच. रोज खरवडा, आधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही, मास्क लावा, विष्ठा पोत्यात भरून झाडांना द्या. गच्चीवर दाणे टाकणं बंद केलं की पारवे कमी होतात आणि निम्म्या तक्रारी पण.

१८. पारव्यांच्या थव्यात दुसऱ्या कोणाचा रिंगवाला होमर दिसतोय, काय करू?

बहुतेक दमलेला असतो, म्हणून उतरलाय. पारवे दाणे खाताना तो कडेला उभा राहतो आणि माणूस जवळ गेला तर सगळ्यात उशिरा उडतो, यावरून ओळखा. संध्याकाळी टोपलीखाली घ्या, पाणी आधी, मग थोडी बाजरी, वेगळं ठेवा. रिंगवरचा नंबर आणि वर्ष लिहून घ्या, बऱ्याचदा पंखावर मालकाने फोन नंबरचा शिक्का मारलेला असतो, फोन करा. काहीच नसेल तर दोन-तीन दिवस खाऊ घालून उजेड पक्का झाल्यावर मोकळ्या मैदानातून सोडा, गच्चीवरून नको, नाहीतर परत पारव्यांतच बसतो. आणि आवडला म्हणून ठेवून घेऊ नका, तिकडं कोणीतरी डबा वाजवत उभा असतो.